खोदाईची परवानगी हवी? मग केबलमधली एक कोअर पालिकेला द्या

काळवत्री (धागालेखक)

गेली सतरा वर्षं माझं पोट बोअरवर चालतं. इमारतीचं काम सुरू होण्याआधी प्लॉटवर तीन-चार ठिकाणी भोक पाडायचं, वर आलेले खडकाचे दांडे खोक्यात ओळीने मांडायचे आणि मुरूम कुठे संपला, मांजऱ्या कुठे लागला, काळा पाषाण किती फुटांवर, ते लिहून द्यायचं. दोन भोकांच्या मधे काय आहे? तिथे आम्ही पेन्सिलीने रेघ ओढतो. अहवालात ती मोठ्या आत्मविश्वासाने ओढलेली दिसते, पण शेवटी रेघच.

२० सप्टेंबर २०२४ ला पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक मागच्या मागे जमिनीत गेला. वर पेव्हर ब्लॉक, रोजची ये-जा. खाली जुनी विहीर असावी असं नंतर बोललं गेलं. जून २०२१ मध्ये घाटकोपरला सोसायटीत लावलेली मोटार अशीच बघता बघता पाण्यात गेली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तिथेही विहीरच, अर्धी स्लॅब टाकून झाकलेली.

आता मुद्दा. याच रस्त्यांखाली इंटरनेटच्या केबल आहेत. केबलमधल्या काचेच्या एका धाग्याला त्या धंद्यात कोअर म्हणतात (आमच्यात कोअर म्हणजे खडकाचा दांडा, दोन धंदे एका टेबलावर बसले की अर्धा तास यातच जातो). कोअरच्या एका टोकाला यंत्र लावून लेसरचे ठोके सोडायचे, सेकंदाला शेकडो. काच कितीही शुद्ध असली तरी आत बारीक असमानता असतेच आणि तिच्यावर आपटून थोडा उजेड उलटा येतो. जमीन हलली, काच कणभर ताणली गेली, की त्या परतलेल्या उजेडाची लय बदलते. किती ताण कळतो? किलोमीटरभर लांबीत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. म्हणजे दहा-वीस किलोमीटरची केबल ही हजारो भूकंपमापकांची माळ झाली, एकही खड्डा न खणता.

हे कागदावरचं नाही. स्टॅनफर्डमध्ये बियोंदो बियोंदी यांच्या गटाने सप्टेंबर २०१६ पासून विद्यापीठाखालच्या जवळपास ५ किलोमीटर केबलवर हे चालवलं. पहिल्या वर्षभरात ८०० च्या वर घटना पकडल्या. लहानसहान धक्क्यांपासून सप्टेंबर २०१७ च्या मेक्सिकोच्या ८.२ तीव्रतेच्या भूकंपापर्यंत. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहराने आपल्या न वापरलेल्या फायबर तिथल्या कॅलटेक संस्थेच्या झोंगवेन झान यांना वापरायला दिल्या. आणि भूकंपाची वाट बघत बसावं लागत नाही, हे मला सर्वांत आवडतं. बसगाड्या आणि ट्रक जमिनीत ज्या लाटा सोडतात त्याच वापरायच्या. लाट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी किती वेगाने गेली यावरून खालचा थर घट्ट की भुसभुशीत ते निघतं. लक्ष्मी रोडच्या गोंगाटाचा कोणाला तरी उपयोग होईल असं वाटलं होतं का?

तर प्रस्ताव असा. रस्ता खोदायची परवानगी देताना पालिकेने अट घालावी: केबलमधली एक कोअर रिकामी आणि पालिकेच्या नावावर. कंपनीला ती जवळजवळ फुकट पडते. आपण रस्ता देतो, वर्षानुवर्षं चाळण सहन करतो, मग एक धागा का मागू नये?

मुक्काम_सनीवेल

लेख आवडला. एक पुरवणी. स्टॅनफर्डची केबल जमिनीला चिकटवलेली नव्हती, प्लास्टिकच्या डक्टमध्ये नुसती पडलेली होती. अशी सैल केबल जमिनीचं काही ऐकणार नाही, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पण स्वतःच्या वजनाने आणि घासून बसल्याने ती पुरेशी हलते, हे तिथे दिसलं. म्हणजे कंपन्यांनी जशी टाकलीय तशीच चालते, आणि तुमच्या अटीचा सगळा जीव यातच आहे.

शंकेखोर

काळवत्रीसाहेब, सुरुवात झकास, पण तुमची दोन्ही उदाहरणं तुमच्याच विरुद्ध जातात.

विहिरीचा व्यास किती? तीन मीटर, फार तर पाच. हे तंत्र एका बिंदूवर मोजत नाही, केबलच्या एका लांबीवरचा ताण मोजतं आणि ती लांबी साधारण १० मीटर असते. त्यात तुमची विहीर कुठल्या कुठे विरघळेल. शिवाय केबल रस्त्याखाली, विहीर पोस्टाच्या आवारात. घाटकोपरची तर सोसायटीच्या कंपाउंडात. म्हणजे पालिकेकडे तुमची कोअर असती तरी ट्रक गेलाच असता.

दुसरं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा प्रयोग नेहमी पुढे केला जातो. तिथे तिएयुआन झू यांच्या गटाने एप्रिल २०१९ पासून असंच काम केलं. पण त्या गावाखाली चुनखडक आहे. पाण्यात विरघळतो, आत पोकळ्या होतात, म्हणून तिथे जमीन खचण्याची खरी भीती. आपला बेसाल्ट विरघळत नाही. आपल्याकडचे खड्डे माणसाने केलेले: ड्रेनेजची लाईन फुटते, पाण्याबरोबर भराव वाहून जातो, वरचं डांबर पापडासारखं अधांतरी राहतं. खड्डा भरताना ठोकून बसवलं नाही, हे कळायला लेसर कशाला? उपअभियंत्याला विचारा. सांगणार नाही, पण त्याला माहीत असतं.

आधी कळस मग पाया हा प्रकार मला पायाच्याच बाबतीत नकोय.

काळवत्री

विहिरीवर बरोबर पकडलंत. मी वाचकाला खेचायला ट्रक वापरला आणि त्याखाली मीच सापडलो. एकटी विहीर शोधायला हे तंत्र नाही, मान्य.

पण "माणसाने केलेले" हा युक्तिवाद तुमच्या बाजूचा नाही. २८ जानेवारी २०२५ ला जपानमध्ये याशिओला चौकात खड्डा पडून ट्रक आत गेला, चालक वाचला नाही. कारण सांडपाण्याची झिजलेली मोठी वाहिनी. त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या सुमारे १२ लाख लोकांना पाणी जपून वापरा म्हणून सांगावं लागलं. जपान रस्त्याखाली रडार फिरवणारा देश आहे, पण रडारची नजर दोन-तीन मीटरच्या खाली फारशी जात नाही आणि ती वाहिनी जवळपास १० मीटर खोल होती. रडारवाली गाडी अधूनमधून येते. केबल तिथेच असते, म्हणून काल आणि आज यांतला फरक तिला दिसू शकतो. भराव वाहून जातो तो एका रात्रीत नाही, त्याला महिने लागतात. त्या काळात लाटांचा वेग बदलत जातो.

दुसरं, भूकंप. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भचाऊजवळ केंद्र, आणि अडीचशे किलोमीटरवर अहमदाबादेत इमारती पडल्या. एकीला लागून दुसरी उभी. बांधकाम वाईट होतं हे खरं, पण खालचा नदीचा गाळही होता. मेक्सिको सिटीत १९८५ ला हेच झालं, केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब आणि शहर जुन्या तळ्याच्या चिखलावर. वरच्या ३० मीटरमध्ये काय आहे यावर धक्का किती पट होतो ते ठरतं. मुंबईत भराव कुठे संपतो आणि खडक कुठे सुरू होतो, याचा गल्लीनिहाय नकाशा तुमच्याकडे असेल तर मी धागा आत्ता मागे घेतो.

तारवाला

मी केबल टाकायचं, जोडायचं काम घेतो. अकरा वर्षं झाली. इथे सगळे जमिनीखालच्या केबलबद्दल बोलताहेत म्हणून विचारतो, साहेब, मान वर करून बघितलंय का कधी?

शहरातली निम्मी केबल खांबावरून, झाडावरून, गच्चीवरून गेलेली आहे. परवानगीचे पैसे वाचवायला. ती ऐकेल, पण वारा ऐकेल आणि कावळे. जमिनीखालची म्हणता ती मोठ्या कंपन्यांची मुख्य लाईन, बरीचशी एचडीडी मशीनने आडवं भोक मारून टाकलेली. नकाशात १.६ मीटर खोल लिहिलेली केबल मी हाताने उकरून काढलीय.

तुमचं यंत्र कसं चालत असेल ते मला कळलं, कारण आमचं ओटीडीआर तेच करतं. एका टोकाने उजेड सोडायचा, परत येईल त्यावरून तुटलं कुठे ते बघायचं. पण ओटीडीआर सांगतं केबलचे मीटर, रस्त्याचे नाही. प्रत्येक जॉइंट चेंबरमध्ये वीस-पंचवीस मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं, पुढे तुटली तर ओढायला. यंत्र म्हणेल ४,२१० मीटरवर काहीतरी हललं. ते डेक्कनला की कर्वे रोडला हे मला तरी चेंबर उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

बाकी एक कोअर देणं अवघड नाही. ४८ कोअरच्या केबलमधल्या किती जळत (म्हणजे वापरात) असतात मला विचारा.

मुक्काम_सनीवेल

तारवाला, नेमकं हेच काम संशोधकांचे दिवस खातं. केबलच्या वाटेवर ठराविक अंतरावर जमिनीवर हातोडा मारायचा किंवा ठाऊक असलेली गाडी हळू चालवायची, आणि यंत्रावर कुठल्या मीटरला ठोका उमटला ते जुळवायचं. वेटोळं लगेच ओळखू येतं, तिथे वीस मीटर केबल एकदम सारखीच हलते. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.

वकीलबाई

मंडळी इतकी मुरुमात अडकलीत की वर चालणारी माणसं कोणाच्या लक्षातच नाहीत.

पेन स्टेटच्या त्याच केबलवर २०२० च्या टाळेबंदीत पावलांची आणि गाड्यांची कंपनं कशी घटली, त्याचा शोधनिबंध आहे. पासाडेनात १ जानेवारी २०२० च्या रोझ परेडमधले चित्ररथ आणि बँडपथकं केबलवर उमटली. पथक ज्या तालावर पावलं टाकतं तो ताल दिसतो. संशोधकांनी ते कौतुकाने छापलं आणि कौतुकास्पद आहेही. पण मी ते वकिलाच्या डोळ्यांनी वाचते. मोर्चा कुठून निघाला, किती लांब होता, कुठे पांगला. रात्री दोन वाजता कुठल्या गल्लीत गाडी थांबली. कॅमेरा निदान दिसतो, त्याखाली पाटी लावता येते. हे दिसत नाही, आणि लोकांनी ते घरी घेतलंय इंटरनेट म्हणून.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा ओळख पटू शकणाऱ्या माणसाच्या माहितीबद्दल बोलतो. कंपनात नाव नसतं, म्हणून तुम्ही म्हणाल कायदा लागूच नाही. मला नेमकी तीच भीती. नाव नसलेली माहिती साठत राहते आणि शेजारच्या कॅमेऱ्याने एकदा नाव जोडलं की सगळी मागची पानं त्या नावाची होतात.

भिंतीला कान असतात ही म्हण इथे कोणीतरी टाकणारच होतं, तर मीच टाकते.

गँगमन

रेल्वेत आहे, पण यातला तज्ज्ञ नाही. ईशान्य सीमा रेल्वेने 'गजराज' नावाची यंत्रणा बसवलीय, डिसेंबर २०२२ मध्ये अलिपूरद्वार विभागात पहिल्यांदा. रुळालगतच्या ओएफसीवरून, म्हणजे फायबरच्या केबलवरून, हत्तीचं पाऊल ओळखते आणि गाडी हळू करायला सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी ७०० किलोमीटरचा विस्तार जाहीर केला, १८१ कोटींचा. म्हणजे हे तंत्र भारतात यायचंय असं बोलू नका, आलंय. तेलाच्या पाइपलाइनवरही कोणी खोदायला लागलं की कळावं म्हणून वापरतात.

शंकेखोर

गँगमन, धन्यवाद, माझंच काम केलंत. गजराजमध्ये प्रश्न एक: हत्ती आहे की नाही. उत्तरावर करायचं काय तेही ठरलेलं: गाडी हळू. शहराखालच्या जमिनीत हत्ती कोण आणि गाडी कोणती? यंत्र म्हणालं की अमुक चौकात लाटांचा वेग दोन टक्क्यांनी कमी झाला. पाऊस पडून भूजल चढलं तरी वेग बदलतो. मग चौक बंद करणार? गणपतीत? कोणाच्या सहीने?

आणि माहिती असून काय होतं तेही पाहिलंय. जोशीमठ २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचलं, हे उपग्रहाने सांगितलं. एकही केबल न लावता. पुढे काय झालं? अहवाल संकेतस्थळावरून उतरवला आणि संस्थांना माध्यमांशी बोलू नका म्हणून कळवलं. आपल्याकडे कानांची टंचाई नाही हो.

काळवत्री

जोशीमठ उघड्या डोंगरावरचं गाव. जमिनीचा पृष्ठभाग खाली गेला म्हणून उपग्रहाला दिसला. शहरात वर डांबराचा पापड तसाच असतो आणि खालचं वाहून जातं, हे तुम्हीच वर लिहिलंय.

पावसाचा मुद्दा मात्र मोठा आहे, त्याला उडवून लावत नाही. कॅलिफोर्नियातल्या रिजक्रेस्टमध्ये जुलै २०१९ च्या ७.१ च्या भूकंपानंतर केबलवर यंत्र लावलं ते धक्के मोजायला, आणि पुढची वर्षं त्याच केबलवरून वरच्या थरातली ओल कशी वाढते-घटते ते काढलं. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा विषय. आपल्याकडे निदान चार पावसाळे नोंदवल्याशिवाय "हे नेहमीचं, हे नेहमीचं नाही" असं कोणी म्हणू शकणार नाही. म्हणून तर आत्ता सुरू करा म्हणतोय, खचल्यावर नाही.

वकीलबाईंना: कच्ची नोंद साठवायची गरजच नाही. ती दिवसाला टेराबाइटच्या घरात जाते, पालिकेला परवडणारही नाही. यंत्रापाशीच हिशोब करायचा, तासभराच्या गोंगाटाची सरासरी काढायची, लाटांचा वेग तेवढा ठेवायचा आणि कच्चा माल पुसायचा. सरासरीत पाऊल राहत नाही.

वकीलबाई

पुसायचा, हे कोण बघणार? यंत्रात पुसायचं बटण आहे म्हणजे न पुसायचंही आहे. तुम्ही पुसाल, तुमच्यावर माझा विश्वास आहे. एखाद्या गुन्ह्यानंतर पोलीस लेखी मागणी करतील की पुढचे सहा महिने पुसू नका. योग्य कारणासाठीच करतील, पहिल्यांदा.

अट घालायचीच तर उलटी घाला. कोअर पालिकेकडे नको, विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे. यंत्र कोणत्या रस्त्यावर ऐकतंय ते जाहीर. कच्ची नोंद किती तास राहते ते जाहीर. हे तीन लिहून द्या, मी सही करते.

पेठेतली

तुम्ही सगळे हुशार आहात, पण मला हसू येतंय. आमच्या वाड्याला विहीर होती. मी त्यात कळशी सोडलीय. वाडा पाडला तेव्हा बिल्डरच्या माणसांनी त्यात वाड्याचाच राडारोडा ढकलला, वर फरशी घातली, आता तिथे दोन गाड्या लागतात. मी सोसायटीच्या सभेत तीनदा सांगितलं. इतिवृत्तात एकदाही आलं नाही.

कात्रजचा नळ आठवतो का कोणाला? नानासाहेब पेशव्यांनी बांधला, कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत. त्यावर जागोजागी उच्छ्वास (हवा जायच्या वाटा) होते, पेठांमध्ये हौद होते. अजून खोदताना तो लागतो आणि दरवेळी पेपरात बातमी येते की "भुयार सापडलं". सापडलं कसलं, हरवलं कधी होतं?

पेठांतल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांना रिक्षात घालून एकदा फिरवा. विहिरींचा नकाशा आठ दिवसांत होईल. तुमच्या यंत्राची किंमत किती म्हणालात?

काळवत्री

नाही म्हणालो, मुद्दामच. डॉलरमध्ये सहा आकडी.

पेठेतली

रिक्षाला मी सुटे देते.

नारळवाला

अवांतर: गावाकडे आमच्या मामांनी हातावर नारळ आडवा ठेवून पाणी शोधणारा पाणाड्या आणला होता. नारळ उभा राहिला तिथे तीनशे फूट बोअर, धूळ निघाली. हा लेसरवाला पाणाड्या निदान चुकला तर पैसे परत देतो का?

शंकेखोर

नारळवाला, +१. पेठेतली, दंडवत.

पण प्रामाणिकपणे लिहितो, त्या ३० मीटरच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. वस्तीत प्रत्येक गल्लीत बोअर घेता येत नाही, आणि विहिरी आठवणाऱ्या बायकांना गाळ किती खोल ते माहीत नसणार. भूकंपासाठी नकाशा एकदाच करायचा असेल तर भाड्याने यंत्र आणा, तीन महिने ऐका, परत द्या. कायमची कोअर, कायमचा कान, त्याला माझा विरोध कायम. आणि त्या नकाशावरून बांधकाम नियमावलीत एक ओळ तरी बदलेल, हे आधी लिहून घ्या.

काळवत्री

तीन महिन्यांत पावसाळा येतो की नाही यावर सगळं. जून ते ऑगस्ट घेतलंत तर ओल्या जमिनीचा नकाशा मिळेल, मार्च ते मे घेतलंत तर कोरड्या. एक वर्ष करा, मी कायमचा हट्ट सोडतो. आणि वकीलबाईंच्या तिन्ही अटी घ्या. कोअर विद्यापीठाकडे गेली तरी माझं काही जात नाही, दोन भोकांमधली रेघ कोणीही ओढो.

तारवाला

वर्षभराची गोष्ट असेल तर माझ्या ओळखीत साडेतीन किलोमीटरचा एक तुकडा आहे, पूर्ण जमिनीखालून, दोन कोअर कधी पेटल्याच नाहीत. मालक कंपनीला विचारावं लागेल, ते माझ्यावर सोडा. हातोडा तुम्ही मारायचा, रविवारी पहाटे पाचला, वर्दळ सुरू व्हायच्या आत.

फक्त तिसऱ्या चेंबरच्या झाकणावर एक जण भजीची गाडी लावतो. तो चारलाच येतो. त्याच्याशी आधी बोलून ठेवा.